पालवी फुटलीय, बाई

तिला सगळे पार्लरताई म्हणत. नवऱ्याला कुणी तिचं खरं नाव विचारलं, तर तोही क्षणभर थांबून आठवायचा आणि मग ओशाळं हसायचा. तो पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याचं दुकान आणि तिचं पार्लर एकाच गाळ्यात, मध्ये प्लायवूडची भिंत. इकडे केस कापले जायचे, तिकडे मोटारीला तार गुंडाळली जायची. ताई गिऱ्हाइकांना सांगायची, "आमच्या दोघांचा धंदा एकच. जळकं काढायचं आणि नव्यासारखं करून द्यायचं."

गाळा ज्या रस्त्यावर होता त्याला सरकारी नाव होतं, पाटीही होती, पण लोक त्याला सावलीचा रस्ता म्हणत. दोन्ही बाजूंना शिरीषाची जुनी झाडं, वर फांद्यांत फांद्या अडकलेल्या. वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळायला लागल्या की पार्लरमध्ये नव्यानं आलेल्या बाईला पाऊस आल्यासारखं वाटायचं आणि ती छत्री आणली नाही म्हणून हळहळायची. ताई लग्न होऊन इथे आली तेव्हा हा गावाचा शेवटचा रस्ता होता. पलीकडे शेतं होती आणि वीटभट्टी होती.

मग शहर आलं. आधी फरशीचं दुकान आलं, मग बँक, मग मोठमोठे फलक, त्यांवर हसणारी कुटुंबं. फलकांमागे खड्डे, आणि खड्ड्यांतून इमारती. दिवसभर डंपर आणि सिमेंटच्या गाड्या. धुतलेले टॉवेल मागच्या दोरीवर टाकले की वाळेपर्यंत करडे व्हायचे. ताई म्हणायची, "आता केसांना रंग लावायची गरज नाही, बाहेर उभ्या राहा, फुकट होईल." बायका हसायच्या. नव्या इमारतींमुळे तिची गिऱ्हाइकं दुप्पट झाली होती, हेही ती लपवायची नाही.

रस्त्याच्या पलीकडे, वरच्या मजल्यावर मास्तर राहायचे. चित्रकलेचे मास्तर, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले. गावातल्या दोन पिढ्यांनी त्यांच्या हाताखाली हीच शिरीषाची झाडं काढली होती, बहुतेकांनी वाईट काढली होती. त्यांची बायको अर्धांगाच्या झटक्यानं अंथरुणाला खिळली होती. तिला सगळे बाई म्हणत. बाईंचा पलंग खिडकीशी होता आणि एक फांदी त्या खिडकीत जवळजवळ शिरलेली. ताई दर महिन्याला पिशवीत कात्री घालून बाईंचे केस कापायला जायची. बाईंची जीभ जरा जड झाली होती, पण धार गेली नव्हती. "अगं, कमी काप. टक्कल पडलं तर हे मला ओळखायचे नाहीत," असं त्या म्हणायच्या, आणि मास्तर चहाचं आधण ठेवता ठेवता हसायचे.

एके दिवशी मास्तर पार्लरच्या दारात उभे राहिले. बायकांच्या पार्लरात पुरुषमाणूस यायचा नाही, म्हणून ते उंबऱ्यावरूनच बोलले.

"ताई, झाडांवर आकडे पडलेत."

ती बाहेर आली. प्रत्येक खोडावर पिवळ्या रंगात आकडा होता. रस्ता रुंद होणार होता.

मास्तरांनी अर्ज लिहायला घेतले. सुंदर अक्षर, रेखीव परिच्छेद. उत्तर एकाचंही आलं नाही. शेवटी ताई म्हणाली, "मास्तर, मजकूर तुमचा, सह्या माझ्या. खुर्चीत बसलेल्या बाईचं डोकं माझ्या हातात असतं. ऐकणार नाही तर जाईल कुठे?"

आणि खरंच, बायका ऐकायला लागल्या. भुवई कोरता कोरता ताई विचारायची, तुमची शाळेची बस कुठे थांबते? सावलीत ना? उद्या कुठे थांबेल? कुणी सही केली, कुणी नवऱ्याला विचारते म्हणाली, तिला ताईनं दोरा तोंडात धरूनच विचारलं की केस कापायला नवऱ्याला विचारून आली होतीस का. संध्याकाळी मास्तर सह्यांचे कागद न्यायला यायचे. हळूहळू बायका मास्तरांच्या घरी जमायला लागल्या. बाईंच्या पलंगाभोवती बैठका व्हायच्या. बाई पडल्या पडल्या सल्ले द्यायच्या, आणि ते बहुतेक वेळा मास्तरांच्या सल्ल्यांपेक्षा व्यवहारी असायचे.

एका सकाळी काहीही न कळवता करवतवाले आले. यंत्र सुरू झाल्याचा आवाज पार्लरमध्ये आला तेव्हा सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. ताईनं कात्री खाली ठेवली आणि तशीच रस्त्यावर धावली, आणि तिच्यामागे बायका. कुणाच्या डोक्यावर रंग थापलेला, कुणाच्या केसांत चांदीचे कागद, गळ्यात टॉवेल. एका बाईच्या तोंडावर पांढरा लेप वाळत आला होता. बोललं तर तडकेल म्हणून तिनं तोंड उघडलं नाही, पण खोडाला पाठ लावून ती मुकादमाकडे अशी बघत राहिली की तो दोन पावलं मागे सरला.

"अहो, आम्ही काय करणार? आम्हाला सांगितलंय," तो म्हणाला.

"मग ज्यांनी सांगितलं त्यांना बोलवा. तोवर आम्ही इथेच. पण लवकर बोलवा, हिचा रंग फार वेळ ठेवला तर केस जळतील," ताई म्हणाली.

करवतवाले परत गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. वर खिडकीत बाईंनी सगळं पाहिलं होतं. चालत्या हातानं त्या पलंगाच्या कडेवर थापा मारत राहिल्या, आणि मास्तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. झटका आल्यापासून त्या घरात असं हसणं झालं नव्हतं. पुढे ताईला जेव्हा जेव्हा तो काळ आठवायचा, तेव्हा आधी ते हसणं ऐकू यायचं.

काम थांबलं. पण गाड्या थांबल्या नाहीत. नव्या इमारतींत माणसं राहायला आली, प्रत्येक घराची एक गाडी, काहींच्या दोन. संध्याकाळी रस्ता तुंबायचा. सही करणारे लोकच हॉर्न वाजवायचे.

ताईकडे एक नर्स यायची. अबोल, लांब वेणीची. तिच्या वडिलांना छातीत कळ आली आणि तिनं त्यांना ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. सावलीच्या रस्त्यावर एक सिमेंटची गाडी दोन खोडांच्या मध्ये वळताना अडकली होती. मागेपुढे व्हायला जागा नव्हती. नर्स वडिलांची छाती दाबत राहिली. रस्ता मोकळा झाला तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काही आठवड्यांनी ती पार्लरमध्ये आली. "आखूड करा ताई. धुवायला वेळ होत नाही."

ताईनं वेणी सोडली. केस पाठीवर मोकळे केले आणि कात्री घेतली.

"तुमच्या कागदावर माझी सही आहे," नर्स म्हणाली. "मी दोष देत नाही कुणाला. पण ॲम्ब्युलन्सच्या काचेतून मला ते खोड दिसत होतं. सारखं तेच दिसत होतं."

ताईची कात्री थांबली. मग पुन्हा चालली. तिनं केस कापले, मान झाडली आणि नर्सला दारापर्यंत सोडून आली. त्या दिवशी तिनं पुढची गिऱ्हाइकं परत पाठवली.

मग नगरपालिकेनं बैठक बोलावली. कार्यालयातले साहेब आवाज न चढवता बोलणारे होते. त्यांनी सर्वांना पाणी दिलं, मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि पडद्यावर फोटो दाखवले.

"झाडं मारायची नाहीत," ते म्हणाले. "हलवायची. मुळांसकट उचलायची आणि पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात लावायची. तुमची झाडं राहतील आणि लोकांना रस्ताही मिळेल."

मास्तर उठले. "साहेब, एवढं म्हातारं झाड जागेवरून काढलं की जगत नाही. आणि जगलंच, तरी पुन्हा सावली धरायला एक पिढी जाईल."

"मास्तर, तुमच्या भावना कळतात. पण हे नको असेल, तर तोडायचा आदेश तयार आहे. आता तुम्हीच ठरवा."

खोलीत कुजबुज झाली. मग हळूहळू सगळे ताईकडे बघायला लागले. मास्तरही बघत होते, निर्धास्तपणे. ताई नाही म्हणणार याची त्यांना खात्री होती. ताईची नजर मागच्या रांगेत गेली. तिथे नर्स बसली होती, आखूड केसांची.

"हलवा," ताई म्हणाली. "पण जपून हलवा."

टाळ्या वाजल्या. लोक दमले होते, त्यांना सुटल्यासारखं झालं. मास्तरांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि बाहेर पडले. ती मागे धावली, जिन्यावर तिनं त्यांना गाठलं.

"मास्तर, तोडण्यापेक्षा हे बरं नाही का? तुम्हीच सांगा."

"मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं," मास्तर म्हणाले. "ताई, केसानं गळा कापलात."

तिच्या धंद्यावरून तिला सगळ्यांचं सगळं बोलून झालं होतं आणि ती प्रत्येक वेळी हसली होती. या वेळी ती कठड्याला धरून उभी राहिली.

झाडं हलवली त्या दिवसांत तिनं शटर अर्धं ओढून ठेवलं होतं. आधी फांद्या छाटल्या. मग खोदकाम, मग क्रेन. मुळांचा गोळा ट्रेलरवर मावेना, तेव्हा तोही छाटला. हातपाय तोडलेल्या माणसासारखी ती खोडं एकामागून एक निघून गेली. रस्त्यावर ऊन पडलं. इतकं ऊन तिथे कुणी कधी पाहिलं नव्हतं. पार्लरच्या आरशात ते असं भपकन यायचं की गिऱ्हाइकांना डोळे मिटून बसावं लागायचं.

टाकीमागच्या मैदानात खोडं रांगेनं उभी केली होती. सुरुवातीला बायका हौसेनं पाणी घालायला जायच्या. ताईच्या नवऱ्यानं जुन्या मोटारीला चाकं लावून तिला पंप करून दिला. आणि काय नवल, खोडांना कोंब फुटले. पोपटी, कोवळे. साहेब फोटोग्राफर घेऊन आले. एका झाडाजवळ ताईला उभं केलं, तिच्या हातात पाण्याचा डबा दिला, हसा म्हणाले. ती मनापासून हसली. तिला वाटलं, हा फोटो मास्तरांना दाखवता येईल.

पण ते कोंब झाडांनी खोडात साठवलेल्या जुन्या रसावर फुटले होते. तो संपला, आणि पानं जागच्या जागी चुरगळली. नवऱ्यानं एका झाडाच्या बुंध्याशी पहार खुपसून पाहिली.

"अगं, वर हातभर माती आहे," तो म्हणाला. "खाली सगळा बांधकामाचा राडारोडा. विटा, सिमेंट. मुळं जातील कुठे?"

ताई साहेबांकडे गेली तर ते रजेवर होते. पुन्हा गेली तर बैठकीत. बायकांचं येणं कमी झालं. कुणाच्या मुलांच्या परीक्षा, कुणाचं दुखणं. त्या काही वाईट नव्हत्या, त्यांना बघवत नव्हतं एवढंच. ताई एकटी पंप ढकलत जायची. पालथ्या घड्यावर पाणी, हे तिलाही कळत होतं. तरी ओतत राहायची.

मास्तर तिच्याशी बोलत नव्हते. पण बाईंचे केस वाढायचे थांबत नव्हते. ती महिन्याला पिशवी घेऊन जायचीच. ती आली की मास्तर आतल्या खोलीत निघून जायचे. खिडकीवर त्यांनी जाड चादर लावली होती, तरी खोली भट्टीसारखी तापायची.

"झाडं कशी आहेत गं?" बाईंनी पहिल्याच वेळी विचारलं.

ताईनं कंगवा फिरवत सांगितलं, "पालवी फुटलीय, बाई."

तेव्हा ते खरं होतं. पुढच्या महिन्यात तिनं तेच सांगितलं तेव्हा ते खरं नव्हतं. आतल्या खोलीतला भांड्यांचा आवाज थांबला. ती श्वास धरून उभी राहिली. आता मास्तर बाहेर येतील आणि म्हणतील, खोटं. ते आले नाहीत.

त्याच्या पुढच्या वेळी ती निघाली, तेव्हा ते जिन्यात उभे होते.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "कोपऱ्यातल्या झाडावर घरटं झालंय, असं मी तिला सांगितलंय. ती तुम्हाला विचारेल. तेवढं लक्षात असू द्या."

मग दर वेळी जिन्यात हेच व्हायचं. दोघं खाली मान घालून उभे राहायचे आणि ठरवायचे: पिल्लं उडाली म्हणून सांगायचं, की अजून आहेत? फुलं इतक्यात कशी येतील, बाई फसायच्या नाहीत, नुसत्या कळ्या सांगू. मास्तर सांगायचे, ताई मान डोलवायची. दुसरं काही बोलणं नाही. असं करत करत त्या दोघांनी जिन्यात उभ्या उभ्या एक अख्खी बाग वाढवली, आणि बाई पलंगावर पडून ती ऐकायच्या. घरी आल्यावर ताई नळ मोठा सोडून रडायची, म्हणजे प्लायवूडच्या पलीकडे ऐकू जाऊ नये. जायचंच.

"सांगून टाक ना खरं," नवरा एकदा म्हणाला.

"त्यानं कोण सुटेल?" तिनं विचारलं.

एकदा बाईंनी केस कापून झाल्यावर तिचा हात धरला. "मला न्या तिकडे. खुर्चीत घाला आणि उचला. मी काही त्या झाडांपेक्षा जड नाही."

मास्तर म्हणाले, खोकला जाऊ दे. खोकला गेला तेव्हा म्हणाले, वारा फार आहे. मग म्हणाले, ऊन उतरू दे. बाई ऐकत गेल्या, पण ताईकडे अशा बघायच्या की तू तरी सांग यांना. ताई टॉवेल झटकायची.

ऊन उतरलं नाही. त्या उन्हाळ्यात खोलीतली हवा हलायची नाही. ताईच्या नवऱ्यानं आपला सगळ्यात चांगला पंखा नेऊन लावला, तो गरम हवाच फिरवत राहिला. बाईंना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त उठून खिडकीवरची चादर काढली.

काही दिवसांनी ते स्वतःहून पार्लरच्या दारात आले. "चला, एकदा बघून येऊ."

दोघं टाकीमागे गेले. तिथे एकही खोड नव्हतं. वाळकं लाकूड कुणीतरी कापून नेलं होतं, आणि मैदानाच्या अर्ध्या भागात खडी टाकून गाड्या लावायची सोय केली होती. वृक्ष पुनर्रोपणाचा फलक मात्र होता तिथेच होता, नुकताच रंग दिल्यासारखा. मास्तर खडीवर फिरले. कोपऱ्यात जाऊन थांबले, जिथे त्यांनी घरटं सांगितलं होतं. ताईला तिकडे जाववेना.

"तिला आणलं नाही ते बरं झालं," ते परत येऊन म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "की आणायला हवं होतं?"

ताई परतीच्या वाटेला लागली.

मास्तर मुलाकडे राहायला गेले. निघताना त्यांनी घराची किल्ली तिच्याकडे दिली. "तुमच्यावरचा राग गेलेला नाही, ताई. खोटं कशाला बोलू? पण तिचे शेवटचे महिने तुमच्यामुळे बरे गेले, तेही खरं आहे. दोन्ही बरोबर घेऊन चाललोय."

"मास्तर, मला तरी कुठे टाकता येतंय," ती म्हणाली.

सावलीचा रस्ता रुंद झाला. दोन्ही कडांना गाड्या उभ्या राहायला लागल्या आणि मध्ये पूर्वीइतकीच जागा उरली.

पुढच्या वर्षी गावाच्या दुसऱ्या टोकाला तळ्याकाठची झाडं काढायची ठरली. तिथल्या लोकांच्या बैठकीला ताई गेली, मागे बसली. तेच साहेब होते. त्यांनी पडदा लावला, आणि पडद्यावर ताई आली. हातात डबा, शेजारी कोंब फुटलेलं खोड, तोंडभर हसू.

"या ताईंनी समजूतदारपणा दाखवला," साहेब म्हणाले. "बघा, झाडं कशी बहरली."

ताई उठली. "त्या फोटोतली बाई मी आहे," ती म्हणाली. "त्या झाडांतलं एकही आज नाही. मी हो म्हणाले होते. माझे मास्तर नाही म्हणत होते आणि मी हो म्हणाले. तुम्ही म्हणू नका."

साहेब म्हणाले की ताई भावनेच्या भरात आहेत. पण लोकांनी ऐकलं. त्यांनी हलवायला नकार दिला. टाळ्या वाजवल्या, ताईला मिठ्या मारल्या. आणि महिन्याभरात, पोलीस उभे करून, तळ्याकाठची सगळी झाडं बुडापासून तोडली.

तिथली एक बाई पार्लरमध्ये आली. खुर्चीत बसली नाही.

"तुम्ही गप्प बसला असता, तर निदान हलवली तरी असती ना?" तिनं विचारलं. भांडायला आली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "एखादं तरी जगलं असतं?"

ताईनं तिला पाणी दिलं. ती पाणी न पिताच गेली.

दुपारी ताईनं मास्तरांना फोन लावला. सगळं सांगितलं: फोटो, बैठक, करवती, ती बाई. सांगताना एकदाही विनोद केला नाही.

"या वेळी मी नाही म्हणाले, मास्तर. तरी गेली."

मग मास्तर खाकरले.

"तुम्ही बोललात, ते मी तिथे बसून ऐकलं असतं तर बरं वाटलं असतं," ते म्हणाले. आणखी थोडं थांबून म्हणाले, "तिलाही."

मास्तरांनी फोन ठेवला नाही, तिनंही ठेवला नाही. बाहेर गाड्यांची रांग लागली होती आणि प्लायवूडपलीकडे नवऱ्यानं हातातलं काम थांबवलं होतं.